अजून कमी

विश्वास ठेवायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथा वगैरे घेणार नाही. शपथा घेणारे लोक बहुतेक वेळा थापा मारतात, असा माझा अनुभव आहे.

पण हे घडलंय.

माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. माझ्या मावसभावाच्या बाबतीत. आणि शेवटचा भाग तर मी स्वतः, या दोन कानांनी ऐकलाय.

आणखी एक आधीच सांगते. अशा गोष्टींत मध्यरात्र असते, वीज गेलेली असते, लांब कुठेतरी कुत्रं रडत असतं. इथे तसलं काही नाही. हे सगळं दुपारी घडलं. जेवणं उरकून इमारतीतली माणसं जरा आडवी होतात ना, त्या वेळेला.

लख्ख उजेडात.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली औषधांचं दुकान, समोर शाळेची लांबलचक भिंत. भीती वाटावी असं त्या घरात काहीही नाही. मी लहानपणी सुट्ट्या तिथेच काढल्यात.

मावसभावाला आम्ही सगळे टिक्या म्हणतो. लहानपणी हाताला लागेल ते वाजवायचा. ताट, डबा, झोपलेल्या पाहुण्याचं टक्कल. आता चाळिशी उलटली, स्वतःच्या डोक्यावर वाजवण्याजोगी जागा झाली, पण नाव काही सुटलं नाही. धंद्याने संगीतकार. म्हणजे गाद्या, टूथपेस्ट आणि फिनाईल यांच्या जाहिरातींना संगीत द्यायचा. लग्न केलं नाही. आई आणि तो, दोघंच.

मावशी कपडे शिवते. काका गेल्यावर तिनं पायाच्या मशीनवर टिक्याला वाढवलं. दुपारभर ते मशीन चालू असतं. आणि शिवताना तिच्या ओठांत टाचण्या असतात, ओळीनं धरलेल्या. तेव्हा ती बोलत नाही, नुसती मान हलवते. आमच्या घरात एक पक्कं ठरलेलं होतं. मावशीकडून काही कबूल करून घ्यायचं असेल तर टाचण्या तोंडात असतानाच विचारायचं. नाही म्हणायला तिला आधी एकेक टाचणी काढून ठेवावी लागते. तोवर आपण पसार.

तर टिक्यानं मला जे सांगितलं, ते हे असं.

एके दिवशी त्याच्याकडे एक मुलगी आली. दिग्दर्शिका. पहिलाच सिनेमा, मागे कुठली कंपनी नाही, मित्रमैत्रिणींनी मिळून केलेला. त्यात एक बाई मोठ्या घरात एकटी राहते. घरची माणसं एकेक करून निघून गेलीयेत. ती दिवसभर घरातलं काहीबाही करत असते आणि शेवटी खिडकीत बसते. संपला सिनेमा.

"यात गोष्ट काय आहे?" टिक्यानं विचारलं.

"तीच गोष्ट आहे, दादा."

तिला संगीत मिनिमलिस्ट हवं होतं. कमीत कमी. दोनतीन सूर, तेही आहेत की नाहीत असं वाटायला लावणारे. टिक्या हरखून गेला. वीस सेकंदांत आनंद, विश्वास आणि लिंबाचा ताजेपणा कोंबून कोंबून तो अगदी विटला होता. आपल्या हातून एकतरी खरं काम व्हावं, ही त्याची किती वर्षांची इच्छा होती ते मला माहीत आहे. सिनेमा बघून आला की आठवडाभर तो कुणाशी धड बोलायचा नाही, इतका जळायचा.

त्याला कल्पनाही झकास सुचली. सिनेमा घराचा आहे ना? मग वाद्यं कशाला? घरच वाजवू.

स्वयंपाकघरातला गळका नळ त्यानं रेकॉर्ड केला. बैठकीतलं घड्याळ केलं. बाहेरचं दार उघडताना कुरकुरायचं, ती कुरकुर इतकी हळू केली की एखाद्या तंतुवाद्याचा लांब सूर वाटावा. त्याला जोड म्हणून कीबोर्डच्या फक्त दोन पट्ट्या.

आणि मुख्य ठेका आईच्या मशीनचा.

त्यासाठी त्यानं बैठकीत, मावशीच्या मशीनपाशी माइक ठेवला. तार आपल्या खोलीत आणली, दार लावून घेतलं आणि हेडफोन कानाला लावून बसला. माणूस समोर बसलेलं असलं की काम करणारा सावध होतो, हे त्याच्या धंद्यातलं शहाणपण.

मशीन सुरू झालं. खड्खड्खड्... थांबलं. कापड फिरवलं असणार. परत खड्खड्खड्... परत थांबलं.

आणि त्या थांबलेल्या वेळात...

कुणीतरी गुणगुणत होतं.

अगदी बारीक, मिटल्या ओठांनी. तीन सूर वर चढायचे, एक खाली यायचा, आणि मशीन सुरू झालं की पुढचं त्याखाली बुडून जायचं.

टिक्या म्हणतो, त्याचे डोळे भरून आले. आई गुणगुणते? जन्मभर बरोबर राहून आपल्याला ठाऊक नाही? त्यानं ते तुकडे वेगळे काढले आणि त्यांचा निराळा ट्रॅक केला. आईला मात्र चकार शब्द बोलला नाही. सांगितलं तर ती लाजेल आणि गुणगुणणं बंद करेल. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला कळू द्यायचं नाही, हेही त्याच्या धंद्यातलं शहाणपणच.

या शहाणपणानंच घात केला.

पहिलं संगीत ऐकायला दिग्दर्शिका घरी आली. जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून तिनं ऐकलं.

"सुंदर आहे, दादा. पण अजून कमी."

टिक्यानं कीबोर्डचे दोन्ही सूर काढून टाकले. नाहीतरी ते जरा दागिन्यांसारखेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी तो कीबोर्डवर बसला, तर नेमक्या त्याच दोन पट्ट्या मुक्या. कीबोर्ड जुना झालाय, तो म्हणाला, आणि विसरून गेला. कुणीही विसरलंच असतं.

ती परत आली. "अजून कमी."

मग नळ काढला.

दोन दिवसांनी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तेव्हा त्याला बरं वाटलं. टपटप बंद झाली होती.

"आई, नळ दुरुस्त करून घेतलास?"

"कुणाकडून? तो काय, गळतोय की."

त्यानं पाहिलं. थेंब पडत होता. नळाच्या तोंडाशी जमायचा, लोंबायचा, सुटायचा, खालच्या भांड्यातल्या पाण्यावर आपटायचा. पाणी हलायचंसुद्धा.

आवाज मात्र... नव्हता.

टिक्यानं कान चोळले. टिचकी वाजवली, ती ऐकू आली. खालून शाळेची घंटाही ऐकू आली. नळाखाली हात धरला, थेंब तळव्यावर पडला. गार लागला. पण मुका.

माणूस अशा वेळी काय करतो? काही करत नाही. नळ घट्ट पिळतो आणि आपल्या कामाला लागतो. त्यानंही तेच केलं. सिनेमा एका महोत्सवाला पाठवायचा होता, तारीख जवळ आली होती, आणि दिग्दर्शिकेचं 'अजून कमी' संपत नव्हतं. मी तर तिचं नावच अजूनकमी ठेवलं होतं.

घड्याळ काढलं. घड्याळ मुकं झालं. काटे फिरत राहिले.

दाराची कुरकुर काढली. मावशी म्हणाली, "दाराला तेल घातलंस वाटतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरातलं काही काम केलंस."



टिक्या धावत खोलीत गेला आणि काढलेले सगळे ट्रॅक परत घातले. नळ, घड्याळ, दार, सगळं. स्पीकरमधून ते छान वाजले. मग त्यानं स्पीकर बंद केले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

थेंब पडत होता. आवाज नव्हता.

काढलेलं संगीतात परत घालता येत होतं. घरात परत येत नव्हतं.

हे तेव्हा त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगून सांगणार काय? मला सांगितलं असतं तर मी त्याला कानाच्या डॉक्टरकडेच पाठवलं असतं. घरात आता मशीन तेवढं वाजायचं. आणि मशीन थांबलं की भिंतीपलीकडून ती बारीक गुणगुण यायची. तीन सूर वर, एक खाली. ती ऐकू आली की त्याला धीर यायचा. आई आहे. आई ठीक आहे.

एकदा तर मशीन बंद असतानाही बराच वेळ गुणगुण चालली होती. तो ऐकत बसला. मग चहा करायला उठला, तर बाहेरच्या दारातून मावशी आत येत होती. हातात भाजीची पिशवी.

"कधी गेलीस?"

"मघाशीच. दोन दुकानं पालथी घातली, कोथिंबीर मिळाली नाही."

दार वाजत नव्हतं. त्यामुळे कोण कधी गेलं, कधी आलं, काही कळायचं नाही. आत्ताच खाली जाऊन आली असेल आणि उगाच वाढवून सांगतेय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

शेवटच्या वेळी दिग्दर्शिका आली तेव्हा दोनच ट्रॅक उरले होते. मशीन आणि गुणगुण. डोळे मिटून ऐकता ऐकता तिनं एकदम डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं.

"दादा, ही गुणगुण नको."

"का?"

"माझी बाई घरात एकटी आहे. हे ऐकलं की वाटतं... घरात आणखी कुणीतरी आहे."

टिक्याच्या पाचावर धारण बसली. नळ काढला तर नळाचा आवाज गेला. दार काढलं तर दाराचा. मग आईचा आवाज काढला तर? नुसता आवाज जाईल, की...? पुढचा विचार करायची त्याची छाती होईना.

"ती काढायची नाही," तो म्हणाला. "बाकी काहीही काढ. संगीत म्हणून माझं नाव काढ हवं तर."

"अरे, पण का?"

"काढायची नाही म्हटलं ना."

त्याचा आवाज चढला होता. ती मुलगी चपापली. मग म्हणाली, "बरं. पण दोन्ही नको, फार होतंय. गुणगुण ठेवायची असेल तर मशीन काढ."

टिक्यानं मला सांगितलं, त्या घटकेला भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. त्या खडखडीवर तो लहानाचा मोठा झाला. शाळेची फी, पहिला कीबोर्ड, सगळं त्याच खडखडीतून आलेलं. पण एका पारड्यात मशीन आणि दुसऱ्यात आई. यात निवडायचं काय होतं?

त्यानं मशीनचा ट्रॅक काढला.

भिंतीपलीकडची खडखड... बंद पडली.

मावशी मात्र पाय मारतच होती.

ज्यानं शिवणकाम जवळून बघितलं नाही, त्याला हे कळायचं नाही. मावशी कानानं शिवते. दोरा ताणला गेला, सुई बोथट झाली, कापडाची जाड घडी आली, हे सगळं तिला आवाजावरून कळतं. आवाज गेला आणि तिसऱ्याच दिवशी सुई तिच्या बोटातून आरपार गेली. नखातून आत, खालून बाहेर.

ती ओरडलीसुद्धा नाही. टाचण्या तोंडात होत्या ना. एक हात सुईत अडकलेला आणि दुसऱ्या हातानं एकेक टाचणी काढून ठेवत होती. टिक्या सहज डोकावला तेव्हा त्याला दिसलं. आठवड्यानं माझ्या घरी येऊन मला हे सगळं सांगताना तो रडला. चाळिशीचा बाप्या, टक्कल पडलेला, माझ्या समोर बसून हमसून हमसून रडला.

मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं तेल घातलं, पट्टा बदलला, चाक फिरवून बघितलं, आणि करंगळीनं स्वतःचाच कान साफ केला. मग पैसे न घेताच निघून गेला.

"मशीन मुकं झालंय," मावशी म्हणाली. "माझ्यासारखंच म्हातारं झालं."

बोटाला पट्टी बांधून ती दुपारची पडून राहायची. आणि टिक्या आपल्या खोलीत बसून भिंतीकडे कान लावायचा. थोड्या वेळानं यायचीच.

तीन सूर वर. एक खाली.

निदान आई तरी वाचली, असं त्याला वाटायचं. बोट काय, भरून येईल.

सिनेमा महोत्सवात निवडला गेला. दुपारचा खेळ होता. टिक्यानं मावशीला नवी चप्पल घेतली आणि मधल्या रांगेत बसवलं. सिनेमाच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत नावं येतात, त्यात त्यानं गुपचूप एक ओळ घालून घेतली होती. मशीन गेलं त्याची भरपाई म्हणा, किंवा माफी म्हणा. तिला नुसतं चकित करायचं होतं.

सिनेमा सुरू झाला. संगीत जवळजवळ नव्हतंच. ती बाई झाडत होती, पुसत होती, रिकाम्या खोल्यांची दारं लावत होती. लोक खोकायचेसुद्धा बंद झाले. आणि शेवटी ती खिडकीत जाऊन बसली, तेव्हा पडद्यामागून ती गुणगुण आली.

सगळ्या थिएटरभर.

टिक्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. मावशी हसत होती. तिचे डोळे ओले झाले होते. तिनं पट्टीचा हात त्याच्या हातावर ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"किती गोड आलाय रे तुझा आवाज."

टिक्याला वाटलं, आई संगीताबद्दल बोलतेय.

मग नावं आली. छायाचित्रण, संकलन, संगीत. आणि त्याखाली, 'गुणगुण : आई'.

मावशीनं चष्मा पुसला. परत वाचलं.

"हे काय लिहिलंयस? माझं नाव कशाला?"

"तुझाच आवाज आहे ना, आई. तुला न सांगता घेतला. तू शिवताना गुणगुणतेस ना, मशीन थांबलं की..."

"मी?"

टाळ्या वाजत होत्या. लोक मागे वळून टिक्याकडे बघत होते.

"मशीन थांबतं तेव्हा मी कापडाला टाचण्या लावत असते," मावशी म्हणाली. "त्या तोंडात असतात. तोंडात टाचण्या धरून कुणी गुणगुणतं का रे? आम्हाला शिकवताना बाईंनी पहिली गोष्ट हीच सांगितली होती. टाचणी ओठांत, तर बोलणं नाही, हसणं नाही, गाणं नाही."



"मला तर वाटायचं, तू गुणगुणतोस," ती म्हणाली. "तुझ्या खोलीत, काम करताना. तुझे बाबा गेले आणि तू गुणगुणायचा थांबलास. परत सुरू झालास म्हणून किती बरं वाटायचं मला. विचारलं नाही... विचारलं असतं तर लाजून बंद केलं असतंस."

आजूबाजूला दिवे लागले होते. लोक हात मिळवायला येत होते. दिग्दर्शिकेनं येऊन त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "दादा, तुझं बरोबर होतं. सगळा सिनेमा त्या आवाजावर उभा आहे."

हे थिएटरातलं मला त्यानं फोनवर सांगितलं. मी आपलं "अरे, शेजारचं कुणीतरी असेल," असं म्हटलं.

"वरती गच्ची आहे," तो म्हणाला. "बाजूचं घर किती वर्षं बंद आहे, ते तुलाही माहितीये."

मग मी म्हटलं, "मग काढून टाक तो ट्रॅक. बाकीचे आवाज गेले, तसा हाही जाईल."



"तोच एक आधार आहे गं," तो म्हणाला. "काढला की जाईल, असं म्हणून तर घरात राहतोय आम्ही. काढला... आणि तरी ऐकू आला, तर?"

मला राहवेना. पुढच्या रविवारी जेवण करून मी त्यांच्याकडे गेले. दुसरीकडे घर बघा, हे त्यांना पटवायचंच असं ठरवून गेले होते.

मावशीनं दार उघडलं. दार वाजलं नाही. इतकी वर्षं ते कुरकुरत आलं होतं, की त्या मुक्या दारातून आत जाताना मला कुणाच्या तरी परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

आत रेडिओ चालू होता. मोठ्यानं. कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

मावशी परत मशीनवर बसली. एक तळवा तिनं मशीनच्या अंगावर सपाट ठेवला होता. आवाज नाही म्हणून आता ती हातानं अंदाज घेत होती. पाय मारत होती, चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती. टाचण्या नेहमीसारख्या ओठांत. टिक्या खुर्चीत बसला होता. खूप वाळला होता. मी दोन शब्द बोलले, तर मलाच माझं ऐकू येईना.

"तो रेडिओ बंद करा की," मी म्हटलं. "बोलू तरी."

दोघंही जागचे हलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मला वाटलं, आळस. मी उठले आणि रेडिओ बंद केला.

घर एकदम... गप्प झालं. तसली शांतता मी कधी अनुभवली नाही. घड्याळ चालत होतं, नळ गळत होता, मशीन फिरत होतं, आणि कशाचाही आवाज नव्हता. माझ्या बांगडीचा आवाज झाला, त्यालाही मी दचकले.

आणि मग ती आली.

तीन सूर वर. एक खाली.

मी आधी मावशीकडे पाहिलं. टाचण्या तिच्या ओठांत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, हलत नव्हते.

मी टिक्याकडे पाहिलं. त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. घटाघटा पीत होता, आणि पिताना माझ्याकडेच बघत होता. मला दिसावं म्हणून पीत होता.

गुणगुण चालूच होती. ना भिंतीपलीकडून, ना खिडकीतून. याच खोलीतून... आमच्या तिघांच्या मधून.

टिक्या म्हणतो, सिनेमात तो सूर खाली येतो आणि तुटतो. कारण टिक्यानं मशीन सुरू होईपर्यंतचाच तुकडा घेतला होता. पुढचं नेहमी मशीनच्या खडखडीखाली दबलेलं असायचं. आता मशीन मुकं होतं. आता पुढचं ऐकू येत होतं.

ती पुढे जात राहिली. मी वाट बघत होते, श्वास घ्यायला कुठेतरी थांबेल म्हणून. टिक्याचा पेला रिकामा झाला. मावशीची एक शिवण संपली, तिनं कापड फिरवलं, दुसरी धरली. मी वाट बघत होते.

तिनं श्वास घेतलाच नाही.

मावशीनं टाचण्या काढल्या नाहीत. नुसत्या हातानं खूण केली, रेडिओ लाव.

मी लावला. बाजारभाव परत सुरू झाले. घर बदलायचं जे काही बोलायचं ठरवून गेले होते, ते मी बोलले नाही. बोलून काय उपयोग? ती गुणगुण त्या घराची आहे की त्या दोघांची, हे कुणाला माहीत? पर्स उचलली आणि निघाले. खालपर्यंत सोडायला टिक्या आला नाही. मावशीला घरात एकटी ठेवून तो आता कुठेच जात नाही.

सिनेमा अजून फिरतोय. लोक त्या शेवटच्या गुणगुणीचं कौतुक करतात, कुणाचा आवाज म्हणून विचारतात. पडद्यावर उत्तर लिहिलेलंच आहे. मावशीनं ते बदलायला सांगितलं होतं, पण दिग्दर्शिका म्हणाली, आता सिनेमात काही हलवता येणार नाही.

मी अजून तो सिनेमा पाहिलेला नाही. पण हे लिहिताना माझ्याही घरात रेडिओ लावलेला आहे.